शेत, बी आणि पिशवी

मराठी माणूस वंशाविषयी बोलू लागला की शेतकरी होतो. त्याच्या सात पिढ्यांत कोणी नांगराला हात लावलेला नसो, तो जन्मलेला गिरगावच्या चाळीत असो आणि राहत ठाण्याच्या सोळाव्या मजल्यावर असो. वंशाची गोष्ट निघाली की त्याच्या तोंडी बी येते, वेल येते, पीक येते. पोर गुणाचे निघाले तर ‘बी कोणाचे आहे!’ असे अभिमानाने विचारले जाते. सून दोन-तीन वर्षे रिकामी राहिली की जमिनीच्या कसाविषयी कुजबुज सुरू होते. सवाष्णीची ओटी भरायची ती गहू-तांदळाने, आणि उशिरा का होईना मूल झाले की म्हणायचे, कूस उजवली. ही भाषा आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की ती रूपकाची भाषा आहे, याचाही आपल्याला विसर पडला आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे की हे रूपक खोटे आहे. मानवी शरीराच्या रचनेशी त्याचा कोठेही मेळ बसत नाही. ते खोटे ठरून शतकाहून अधिक काळ लोटला, तरी आपल्या घरांत, दवाखान्यांत आणि कायद्यातही ते ठाण मांडून बसले आहे, आणि त्याची किंमत ज्यांना जमीन म्हटले गेले त्या स्त्रिया मोजीत आहेत. लक्ष्मीपूजनाच्या दिवसांत वृषण आणि गर्भाशय यांविषयी वाचायला लावणे औचित्याला सोडून आहे, असे काही वाचकांना वाटेल. घरच्या ज्या लक्ष्मीच्या नावाने आपण हा सण साजरा करतो, तिच्या शरीराची थोडीफार माहिती असणे हे त्या पूजेत बसत नसेल, तर त्या पूजेविषयीच फेरविचार करावा, एवढेच त्यांना सांगणे आहे.

प्रथम हे रूपक कोठून आले ते पाहू. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात स्त्री हे क्षेत्र आणि पुरुष हे बीज, असे स्पष्ट सांगितले आहे. भूमीला आपण माता मानतो, तेव्हा यात स्त्रीचा गौरवच आहे, असे म्हणणारे विद्वान भेटतात. त्यांनी तो अध्याय पुढे वाचावा. तेथे चर्चा चालली आहे ती पिकाच्या मालकीची. दुसऱ्याच्या शेतात कोणी बी टाकले तर येणारे पीक कोणाचे, बी टाकणाऱ्याचे की शेताच्या धन्याचे? म्हणजे अपत्यावर हक्क सांगणारे दोन्ही पक्षकार पुरुषच. जिने नऊ महिने ते पोटात वाढवले, ती वादात पक्षकार म्हणूनही उभी नाही. शेताला कोणी साक्षीला बोलावीत नाही!

हे पाप एकट्या मनूच्या माथी मारण्याचे कारण नाही. ग्रीक नाटककार एस्किलस याच्या एका नाटकात साक्षात अपोलो देव न्यायसभेत सांगतो, की माता ही अपत्याची जननी नव्हे, ती पेरलेल्या अंकुराची केवळ दाई. ॲरिस्टॉटलने त्याच विचाराला तत्त्वज्ञानाचा पेहराव चढवला: पुरुष आकार देतो, स्त्री फक्त कच्चा माल पुरवते. आपल्याकडचे वैद्य मात्र या बाबतीत स्मृतिकारांपेक्षा शहाणे होते. शुक्र आणि शोणित या दोहोंच्या संयोगातून गर्भ होतो असे आयुर्वेद म्हणतो, आणि मऊ अवयव आईकडून, केस, नखे, हाडे असे कठीण अवयव बापाकडून, अशी वाटणीही लावून देतो. ही वाटणी आज टिकत नाही. पण आईचाही त्यात वाटा आहे हे त्यांनी मान्य केले होते. समाजाने उचलले ते वैद्याचे मत नव्हे, धर्मशास्त्राचे. ज्यात मालकी सांगता येते ते मत लोकप्रिय होते.

आता शरीर काय सांगते ते पाहा. १६७७ साली लेवेनहूक या डच गृहस्थाने भिंगाखाली वीर्यातील वळवळणारे शुक्राणू पाहिले, आणि युरोपातल्या पंडितांना बीजवादाचा डोळ्यांदेखत पुरावा मिळाल्याचा आनंद झाला. १६९४ साली हार्टसूकरने शुक्राणूच्या डोक्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेला इवलासा माणूस चितारून दाखवला. तसा तो कोणालाच दिसलेला नव्हता. पण रूपकावर श्रद्धा असली की भिंगातूनही हवे तेच दिसते. त्यानंतर १३३ वर्षे गेली, आणि १८२७ मध्ये कार्ल अर्न्स्ट फोन बेअर याला सस्तन प्राण्याच्या मादीचे बीज दिसले. १८७६ मध्ये ऑस्कर हर्टविगने समुद्रातल्या एका काटेरी प्राण्याच्या अंड्यात शुक्राणूचे केंद्रक आणि अंड्याचे केंद्रक एकमेकांत मिसळताना पाहिले. त्या दिवशी शेत आणि बी यांची गोष्ट संपायला हवी होती. २३ गुणसूत्रे इकडून, २३ तिकडून. दोन अर्ध्या पेशींची मिळून एक पूर्ण पेशी होते. शिवाय त्या पेशीचा जवळजवळ सगळा ऐवज, तिच्यातल्या ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांसह, आईकडून येतो.

गंमत अशी, की हे रूपक शेतातही खरे नाही. जोंधळ्याचा दाणा किंवा कपाशीची सरकी ही फलधारणेनंतरची वस्तू आहे. परागकण आणि बीजांड यांचे मीलन झाल्यावर जो गर्भ तयार होतो, तोच बियाच्या आत झोपलेला असतो. संकरित कपाशीचे बी तयार करणाऱ्या शेतमजूर बाया सकाळी फुलाफुलाला हाताने पराग लावतात. त्यांना विचारा, बी एकट्या नराचे असते का? म्हणजे बापाला ‘बी’ म्हणणारा माणूस शरीरशास्त्रात तर चुकतोच, शेतीतही नापास होतो.

त्याहून मोठी गोष्ट आहे ती रचनेची. स्त्री आणि पुरुष यांची जननेंद्रिये ही दोन निराळ्या जातींच्या वस्तू आहेत, एक पेरणारी आणि एक पेरून घेणारी, असे आपण समजतो. गर्भाच्या पहिल्या सहा आठवड्यांत ती एकसारखी असतात. पोटाच्या मागच्या बाजूला ग्रंथींची एक जोडी असते. वाय गुणसूत्रावरील एका जनुकाचा आदेश मिळाला तर तिचे वृषण होतात, नाही तर तिचे बीजकोश होतात. जवळच नळ्यांच्या दोन जोड्या तयार असतात. एक जोडी वाढून शुक्रवाहिन्या बनते किंवा दुसरी वाढून बीजवाहिन्या व गर्भाशय बनते, आणि उरलेली विरून जाते. ज्या उंचवट्याचे पुरुषात शिश्न होते, त्याचीच स्त्रीत शिश्निका होते. ज्या घड्यांचा वृषणकोश होतो, त्यांचेच भगोष्ठ होतात. वृषण आणि बीजकोश ही सख्खी भावंडे आहेत. दोघांचे काम दुहेरी: जननपेशी तयार करणे आणि रक्तात संप्रेरके सोडणे. यांपैकी एकाला शेतकरी आणि दुसऱ्याला शेत म्हणणे म्हणजे एकाच आईच्या दोन लेकरांपैकी एकाला वाडा आणि दुसऱ्याला गोठा देण्यासारखे आहे.

आणि ती जमीन निपचित पडून तरी असते का? मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असते, तेव्हाच तिच्या बीजकोशांत साठ-सत्तर लाख बीजपेशी तयार झालेल्या असतात. जन्माच्या वेळी त्यांपैकी दहा-वीस लाख उरतात, वयात येईपर्यंत तीन-चार लाख. आणि सगळ्या आयुष्यात पक्व होऊन बाहेर पडतात ती चारशेच्या आसपास. तुम्ही-आम्ही ज्या बीजातून जन्मलो, ते आपली आई आपल्या आजीच्या पोटात होती तेव्हाच घडू लागलेले होते. वंशाची अखंड परंपरा शोधायचीच असेल तर ती येथे आहे! दुसरीकडे शुक्राणू रोज नवे, कोट्यवधी तयार होतात. प्रत्येकाच्या घडणीला सुमारे अडीच महिने लागतात. पण बाहेर पडलेला शुक्राणूही पूर्ण सिद्ध नसतो. स्त्रीच्या शरीरात काही तास काढल्यावरच त्याला बीजात शिरण्याची पात्रता येते, हे १९५१ साली ऑस्टिन आणि चँग या दोघांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले. जे बी जमिनीत गेल्यावर तिच्याकडूनच बीजत्व मिळवते, त्याला बी कसे म्हणावे?

कोणी म्हणेल, हा शब्दांचा कीस झाला. रूपके ही बोलण्यापुरती असतात, आज त्यांना कोण मानतो? मानतात की नाही ते शब्दावरून ठरवू नका, वागण्यावरून ठरवा. या एका रूपकावर आपल्या समाजाने निदान चार अन्याय उभे केले आहेत.

पहिला अन्याय मुलींच्या आयांवरचा. मुलगी झाली की सुनेला बोल लावायचा, हा रिवाज सर्वांच्या परिचयाचा आहे. आपल्याच रूपकाला हे लोक इमानदार असते तर त्यांनी असे केले नसते. ज्वारी पेरून बाजरी उगवली म्हणून कोणी जमिनीला मारीत नाही. गर्भाचे लिंग शुक्राणूतून एक्स गुणसूत्र येते की वाय, यावर ठरते. स्त्रीच्या बीजात एक्सच असते. हे तत्त्व १९०५ साली नेटी स्टीव्हन्स या बाईंनी किड्यांच्या अभ्यासातून मांडले. म्हणून आता बापाला बोल लावा, असे मी म्हणत नाही. कोणता शुक्राणू पुढे जावा हे बापाच्या हाती नसते, आणि मुलगी होणे हा कोणाचा गुन्हाही नव्हे. पण गर्भलिंगपरीक्षेवर निर्बंध घालणारा कायदा देशात सर्वांत आधी, १९८८ साली, ज्या महाराष्ट्राने केला, त्याच महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे ८९४ मुली उरल्या होत्या, आणि बीड जिल्ह्यात ८०७. शास्त्राने यंत्र दिले ते आपण तत्परतेने घेतले. त्याच शास्त्राने ज्ञान दिले ते दाराबाहेर उभे ठेवले.

दुसरा अन्याय मूल नसलेल्या स्त्रीवरचा. येथे मराठी भाषेनेच साक्ष दिली आहे. मूल न होणाऱ्या बाईला ‘वांझ’ हा शब्द आहे, आणि तो शिवीसारखा वापरला जातो. अशा पुरुषाला कोणता शब्द आहे? षंढ किंवा नपुंसक म्हणाल, तर ते त्याच्या संभोगशक्तीविषयी बोलतात, जननक्षमतेविषयी नाही. या दोन गोष्टी पूर्ण वेगळ्या आहेत. धडधाकट, दाढीमिशा असलेल्या, शय्येवर कोठेही कमी न पडणाऱ्या पुरुषाच्या वीर्यात एकही शुक्राणू नसू शकतो. कारण वीर्याचा बहुतेक भाग शुक्राशय आणि पुरःस्थ ग्रंथी यांचा स्राव असतो, आणि शुक्राणूंचा त्यात वाटा अगदी अल्प असतो. डोळ्यांना काहीच कळत नाही. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडचे कारण एकटे किंवा जोडीने असते. तरी भाषेत शब्द नाही. म्हणून मनात कल्पना नाही. म्हणून तपासणीही नाही. पुरुषाची पहिली तपासणी म्हणजे एका डबीत वीर्य देणे, यापलीकडे काही नाही. स्त्रीची म्हणजे सुया, सोनोग्राफी, नळ्यांत रंग सोडून काढायची क्ष-किरण चित्रे, वेळप्रसंगी पोटात दुर्बीण. सोपी आधी करावी, हे कोणालाही सुचेल. पण घरोघर आधी सुनेला दवाखान्यात नेतात, नवस तिच्याकडून बोलवतात, उपास तिला घडवतात. आणि सगळे करून थकल्यावर कोणी धीर करून मुलाच्या तपासणीचे नाव काढले, तर तो घराण्याचा अपमान होतो!

तिसरा अन्याय नसबंदीचा. पुरुषाच्या शुक्रवाहिन्या वृषणकोशाच्या कातडीखाली बोटाला लागतात इतक्या वर असतात. जागेवर भूल देऊन काही मिनिटांत त्या बांधता येतात. पोट उघडावे लागत नाही. स्त्रीच्या बीजवाहिन्या ओटीपोटात खोल असतात. रचना पाहिली तर शस्त्रक्रिया कोणाची व्हावी हे उघड आहे. प्रत्यक्षात काय होते? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के जणींची नसबंदी झालेली होती, आणि ज्यांच्या पतीने ती करून घेतली त्यांचे प्रमाण ०.३ टक्के होते. याचे खापर आणीबाणीवर फोडले जाते, आणि त्यात तथ्य आहे. १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या, त्यांत सुमारे साठ लाख पुरुषांच्या होत्या, आणि त्यांत सक्ती होती. ती सक्ती निंद्यच होती. पण जुलमाची आठवण पुरुषाला त्यानंतरच्या चार दशकांहून अधिक काळ सुटका देते, आणि बायकोला मात्र शिबिरात रांगेत झोपवते, हा कोठला न्याय? ‘ताकद जाईल’ ही भीती तर निव्वळ अज्ञानाची आहे. पौरुषाचे संप्रेरक शुक्रवाहिनीतून जातच नाही. ते वृषणातून थेट रक्तात मिसळते. वाहिनी बांधल्याने ना आवाज बदलतो, ना दाढी, ना इच्छा. बांधले जाते ते फक्त रूपक. बी गेले की शेतकरी कसला, ही खरी भीती आहे.

चौथा अन्याय सर्वांत भयंकर, आणि त्याच्या मुळाशी एक साधा घरगुती शब्द आहे. गर्भाशयाला आपण ‘पिशवी’ म्हणतो. डॉक्टरही रुग्णाशी बोलताना तोच शब्द वापरतात. शब्द सोपा आहे, हे खरे. पण पिशवी म्हटले की मनात काय येते? रिकामी झाली की अडगळ, फाटली की फेकून द्यावी अशी वस्तू. मुळात ही पिशवी नव्हेच. तो मुठीएवढा, जाड भिंतीचा स्नायू आहे. एरवी साठेक ग्रॅम वजनाचा हा अवयव नऊ महिन्यांत किलोभराचा होतो, आणि बाळंतपणात जी ताकद लावतो ती पाहून कोणा पैलवानाने मान खाली घालावी. दर महिन्याला तो आपले अस्तर नव्याने विणतो, आणि गर्भ राहिला नाही तर टाकून देतो. त्या टाकलेल्या अस्तराला आपण विटाळ म्हटले, आणि विणणाऱ्याला पिशवी.

या शब्दाचा हिशेब बीडमध्ये झाला. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ म्हणून जातात. आगाऊ उचल घेतलेली असते, आणि एक दिवस काम चुकले तर खाडा पडतो. पाळीच्या दिवसांतही मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढायचे. फडात ना पाणी, ना आडोसा. अंगावरून जाते, पोट दुखते म्हणून बाई दवाखान्यात गेली, की तिला कॅन्सरची भीती घालून पिशवी काढायला सांगितले गेले, असे अनेकींनी सांगितले आहे. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीने जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. म्हणजे दर सहा जणींत एक. देशाच्या पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे. गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले गेले, तर तिशी-पस्तिशीच्या बाईला एका दिवसात म्हातारपण गाठते. संप्रेरके थांबतात, हाडे ठिसूळ होऊ लागतात. ज्या अवयवाने पिढी घडवली, तो खाडा चुकवण्यासाठी कापला गेला, आणि मुले झाली, आता पिशवीचे काय काम, असे घरच्यांनाही वाटले. बीडच्या मुकादमाला आणि डॉक्टरला दोष द्यावा तेवढा थोडाच. पण त्यांच्या हाती सुरी देण्याआधी शब्द आपण दिला होता.

कायदाही या रूपकातून सुटलेला नाही. १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक म्हणून आधी बापाचे नाव घेतो आणि ‘त्यानंतर’ आईचे. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने या ‘नंतर’चा अर्थ सैल केला, हे चांगलेच झाले, पण शब्द ज्या क्रमाने लिहिले गेले, त्या क्रमात मनूच्या शेतकऱ्याची सावली दिसते.

यावर उपाय शिक्षण, असे म्हणताच आपली संस्कृती धावून येते. हा विरोधही नवा नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवले, आणि शरीराविषयी साधे मराठी लिहिले म्हणून कोर्टाची पायरी चढले. १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, तरी खटला हरला. त्यानंतर सात दशकांनी, २००७ साली, लोकप्रतिनिधींच्या ओरड्यापुढे मान तुकवून महाराष्ट्र सरकारने शाळांतील लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम थांबवला. मुले बिघडतील, हे कारण. मुले न बिघडण्यासाठी अज्ञान उपयोगी पडले असते, तर आपल्याइतका सदाचारी समाज पृथ्वीच्या पाठीवर सापडता ना!

आज दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात मानवी प्रजननाचा धडा आहे. आकृत्या आहेत, मुलगा की मुलगी हे कसे ठरते तेही आहे. तो कित्येक वर्गांत ‘घरी वाचून या’ म्हणून उरकला जातो. आणि घरी त्याविषयी बोलायला कोणाकडे शब्द नसतात. कामाला येथूनच लागावे लागेल. शिक्षकांनी तो धडा मुलामुलींच्या एकाच वर्गात, फळ्यावर आकृती काढून, घसा न खाकरता शिकवावा. डॉक्टरांनी ‘पिशवी’ हा शब्द सोडून ‘गर्भाशय’ म्हणावे. रुग्णाला तो कळतो. ते काढायचे तर दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला घ्यायला स्वतःहून सांगावे, आणि बीजकोश ठेवणार की काढणार हे आधी स्पष्ट करावे. मूल होत नसेल तर पहिली तपासणी मुलाची व्हावी, आणि ती करून घ्यायला सासूने सांगावे. तिचा शब्द घरात चालतो. दोन मुलांनंतर नसबंदीचा विषय निघाला, तर नवऱ्याने स्वतःचे नाव पुढे करावे.

हे सगळे बिनखर्चाचे आहे. खर्च आहे तो एका जुन्या अभिमानाचा. बी आमचे, पीक आमचे, आणि नापिकी मात्र तिची, हा हिशेब आपण फार वर्षे चालवला. दिवाळीत वह्या नव्या करण्याची आपली रीत आहे. हे खातेही या पाडव्याला बंद करावे.